ओम्नूमि : ग्रीक शपथेचा धातू, त्याची रूपं, विभक्ती आणि वाचताना होणाऱ्या चुका (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

तिठा

प्राचीन ग्रीकमध्ये 'शपथ घेणे' यासाठी मुख्य धातू ओम्नूमि. व्याकरणाच्या पुस्तकात तो –नूमि धातूंच्या यादीत एका ओळीत येऊन जातो. प्रत्यक्ष वाचायला बसलं की होमर, नाटकं, अथेन्सची न्यायालयीन भाषणं, तहांचे शिलालेख, हिप्पोक्रातेसची शपथ, नवा करार, सगळीकडे तो भेटतो आणि दर वेळी त्याच तीन-चार गोष्टी अडतात. ज्याची शपथ घेतली त्याची विभक्ती कोणती, पुढच्या तुमन्ताचा ('करणे', 'करायला' अशा रूपाचा) काळ काय सांगतो, नकार कुठला, आणि 'ओऽमो–'ने सुरू होणारं रूप कोशात कुठे शोधायचं. संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला यातलं बरंचसं लवकर कळतं, पण काही ठिकाणी तीच सवय आडवी येते. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

लिप्यंतराबद्दल : ग्रीकमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही आहेत, दीर्घही. दीर्घापुढे ऽ लावू या. म्हणजे मे ऱ्हस्व, मेऽ दीर्घ. अ‍ॅटिक (अथेन्सच्या बोलीच्या) उच्चारातला 'उ' ओठ गोल करून 'इ' म्हटल्यासारखा असतो, तो इथे उ-ऊ असाच लिहू. शब्दान्ती ऱ्हस्व अ आला तर वाचताना तो गळू नये म्हणून आ लिहू.

विकरण

रूपांपासून सुरुवात करतो. पाठ करायची सहा :

ओम्नूमि (वर्तमान), ओमूमाइ (भविष्य), ओऽमोसा (अओरिस्ट, म्हणजे साधा भूतकाळ), ओमोऽमोका (परफेक्ट, म्हणजे क्रिया होऊन तिचा परिणाम चालू असल्याचं रूप), ओमोऽमोमाइ किंवा ओमोऽमोस्माइ (मध्यम आणि कर्मणी परफेक्ट), ओऽमोथेऽन् किंवा ओऽमोस्थेऽन् (कर्मणी अओरिस्ट). शेवटच्या दोन्हींत 'स्' असलेली आणि नसलेली अशी दोन्ही रूपं हस्तलिखितांत मिळतात, त्यामुळे दिसलं की दचकू नका.

वर्तमानकाळ म्हणजे आपला स्वादिगण, संस्कृत धातूंचा पाचवा गण. सुनोमि, सुनोषि, सुनोति, पण सुनुमः, सुनुथ. विकरण, म्हणजे धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये येणारा अंश, एकवचनात सबळ 'नो', अनेकवचनात दुर्बळ 'नु'. ग्रीकमध्येही तेच, फक्त गुणाऐवजी स्वर दीर्घ होतो : ओम्नूमि, ओम्नूस्, ओम्नूसि, पण ओम्नुमेन्, ओम्नुते, ओम्नुआसि. देइक्नूमि 'दाखवतो', ज़ेउग्नूमि 'जुंपतो' हे याच रांगेतले. ही ऊ-उची अदलाबदल कानात बसली की निम्मं काम झालं.

'नू' हे वर्तमानाचं विकरण आहे, धातूचा भाग नाही. म्हणून वर्तमान आणि अपूर्ण भूत (ओऽम्नून्) सोडले तर ते कुठेही दिसत नाही. मूळ अंग ओमो–. नवा विद्यार्थी 'ओम्नुसा' असं अओरिस्टचं रूप बनवतो ते इथे चुकतं.

भविष्यकाळ जपून. ओमूमाइ पाहून पुढचं रूप 'ओमूताइ' असेल असं वाटतं. ते ओमेइताइ आहे. कारण ओमूमाइ हे ओमेओमाइचं संकोचलेलं रूप, ओमोओमाइचं नव्हे. ए + ओ = ऊ, ए + ए = एइ. होमरमध्ये दोन्ही मिळतात. इलियडच्या नवव्या सर्गात अगामेम्नोन स्वतः म्हणतो 'ओमूमाइ', आणि ओदिसेउस तोच निरोप अखिलेसला सांगतो तेव्हा 'ओमेइताइ'. एकाच वाक्याची प्रथम आणि तृतीय पुरुषातली जोडी म्हणून लक्षात ठेवायला ही जागा उत्तम.

खडूफळा

ओमूमाइ आत्मनेपदी का? शपथेचं फळ स्वतःला म्हणून?

विकरण

नाही, तसा अर्थ काढू नये. ग्रीकमध्ये वर्तमान परस्मैपदी पण भविष्य आत्मनेपदी असा धातूंचा मोठा गट आहे. आकूओऽ 'ऐकतो' याचं भविष्य आकूसोमाइ, बोआओऽ 'ओरडतो' याचं बोएऽसोमाइ. बहुतेक धातू शरीराच्या, इंद्रियांच्या किंवा वाणीच्या क्रियांचे. ओम्नूमि त्यांतलाच. अओरिस्ट आणि परफेक्ट परस्मैपदीच राहतात. 'फळ कर्त्याला' हा अर्थ खरोखर अभिप्रेत असता तर तो सगळ्या काळांत दिसला असता. उत्तरकालीन ग्रीकमध्ये भाषकांनी हे सरळ करून टाकलं आणि ओमोसोऽ असं परस्मैपदी भविष्य वापरलं.

अनवट वाट

'ओऽमो–' कोशात कुठे शोधायचं याचं उत्तर देतो, कारण इथे दीर्घ ओऽ तीन निरनिराळ्या कारणांनी येतो आणि तिन्ही एकसारखे दिसतात.

ओऽमोसा : अडागम, म्हणजे भूतकाळाची खूण म्हणून आरंभी होणारी भर. आरंभीचा ऱ्हस्व ओ भूतकाळात दीर्घ झाला, जसा संस्कृतात इष् धातूचा ऐच्छत्. तुमन्त, आज्ञार्थ, धातुसाधितात आगम नाही, म्हणून ओमोसाइ, ओमोसोन्, ओमोसास् सगळे ऱ्हस्व. होमरमध्ये आगम वैकल्पिक, तिथे 'ओमोसे' असं साधं भूतकाळी रूपही चालतं.

ओमोऽमोका : अभ्यास, म्हणजे धातूच्या आरंभाची द्विरुक्ती. आरंभीचा स्वर आणि व्यंजन मिळून 'ओम्' दोनदा येतं आणि धातूचा स्वर दीर्घ होतो. याला अ‍ॅटिक अभ्यास म्हणतात, जरी तो होमरमध्येही भरपूर आहे. ओल्लूमि 'नष्ट करतो' याचं ओलोऽलेका याच साच्याचं.

सुनोऽमोसिआ 'कट', आनोऽमोतोस् 'शपथ न घेतलेला' : हा सामासिक दीर्घ. समासाच्या उत्तरपदाचा आरंभीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो. भाषाशास्त्रज्ञ वाकरनागेल यांनी १८८९ साली हा नियम मांडला. संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकांना हे नाव वेगळं सांगायला नको. इथे भूतकाळाचा काही संबंध नाही. सुनोऽमोसिआ पाहून त्यात अडागम शोधणारे बरेच भेटतात.

एउरिपिदेसच्या 'हिप्पोलितोस' नाटकातली (इ.स.पू. ४२८) ६१२वी ओळ यातले दोन एकत्र देते : 'हेऽ ग्लोऽस् ओमोऽमोख्, हेऽ दे फ्रेऽन् आनोऽमोतोस्.' 'जिभेने शपथ घेतलेली आहे, मनाने घेतलेली नाही.' पहिला ओऽ अभ्यासाचा, दुसरा समासाचा. परफेक्ट इथे मुद्दाम आहे : शपथ घेऊन झाली आणि तिचं बंधन आता चालू आहे. अओरिस्ट असतं तर नुसती घडलेली घटना उरली असती. ही ओळ अथेन्समध्ये इतकी गाजली की अरिस्तोफानेसने इ.स.पू. ४०५च्या 'बेडूक' या नाटकात ती एउरिपिदेसवरच उलटवली.

तिठा

उत्तम. आता अर्थाकडे. 'शपथ घेणे' हा मूळचाच अर्थ, की मागे दुसरं काही आहे?

ऋतंभर

मागे 'घट्ट धरणे' आहे, असं तुलनात्मक भाषाशास्त्रात मानतात, आणि पुरावा आपल्या घरचा आहे. वैदिक अम् धातू. तैत्तिरीय संहिता २.३.५ काढून पाहा. प्रजापतीने आपल्या तेहतीस मुली सोमराजाला दिल्या. तो एकट्या रोहिणीकडे जायचा. बाकीच्या रागावून माहेरी परतल्या. सोम त्यांना परत मागायला आला तेव्हा प्रजापती म्हणतो, 'ऋतममीष्व', सर्वांकडे सारखा जाईन अशी शपथ घे, मग परत देईन. 'स ऋतमामीत्', त्याने घेतली, आणि मोडलीही. त्यातून त्याला यक्ष्मा जडला.

अमीष्व, आमीत् आणि ग्रीक ओमोसोन्, ओऽमोसे हे सगे शब्द आहेत. रचनासुद्धा तीच. संस्कृतात 'ऋतम्' द्वितीयेत, ग्रीकमध्ये 'होर्कोन् ओमोसाइ' यातलं होर्कोन् 'शपथ' द्वितीयेत. अम् हा सेट् (प्रत्ययाआधी इ घेणारा) धातू, म्हणून अमी– मध्ये ई दिसते. ग्रीक ओमो– मधला दुसरा ओ तोच अंश आहे. मूळ इंडो-युरोपीय धातूच्या शेवटी एक कंठ्य व्यंजन होतं. ते लोपलं, पण संस्कृतात इ-ई आणि ग्रीकमध्ये स्वर असा माग ठेवून गेलं. ग्रीकने 'नू' विकरण नंतर लावलं, संस्कृतात अम् स्वादिगणात गेला नाही.

धरण्याचा अर्थ होमरच्या प्रसंगांतही जिवंत आहे. इलियड १४.२७१ पासून निद्रादेव हेराला सांगतो, स्तिक्स नदीच्या पाण्याची शपथ घे, एका हाताने पृथ्वी धर, दुसऱ्याने समुद्र. पहिल्या सर्गात अखिलेस राजदंड हातात धरून शपथ घेतो. तेविसाव्यात रथांच्या शर्यतीनंतर मेनेलाओस अंतिलोखोसला घोड्यांना हात लावून शपथ घ्यायला सांगतो. भाषाशास्त्रज्ञ बेनवेनिस्त यांनी यावरून मांडलं की होर्कोस् ही आधी शब्दांची प्रतिज्ञा नव्हे, तर जी पवित्र वस्तू धरायची ती. शपथ खोटी ठरली तर अनिष्ट त्या वस्तूतून येतं. पटण्याजोगी मांडणी आहे. होर्कोस् आणि हेर्कोस् 'कुंपण' यांचं नातं मात्र वादाचं आहे, ते सिद्ध म्हणून सांगू नये.

बेलभंडार उचलून शपथ घ्यायची मराठी रीत ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको.

शब्दपारखी

विभक्तींचं मी लिहिते. ओम्नूमिच्या वाक्यात चार जागा असतात : कोण, कोणापाशी, कोणाची आणि काय. पहिली प्रथमा, ती सोपी.

कोणापाशी, म्हणजे ज्याला आश्वासन द्यायचं तो चतुर्थीत. पाणिनीचं १.४.३४ आठवा, श्लाघह्नुङ्स्थाशपां ज्ञीप्स्यमानः. शप् धातूच्या योगात ज्याला जाणवून द्यायचं तो संप्रदान : देवदत्ताय शपते. ग्रीकमध्ये अगदी हेच. इलियड १.७६ मध्ये भविष्यवेत्ता काल्खास अखिलेसला म्हणतो 'मोइ ओमोस्सोन्', माझ्यापाशी शपथ घे.

कोणाची, इथे मात्र मराठीची षष्ठी आणि संस्कृतची तृतीया दोन्ही फसवतात. मराठीत देवाची शपथ. संस्कृत महाकाव्यात तृतीया, अयोध्याकांडात कैकेयी 'भरतेनात्मना चाहं शपे ते' म्हणते. ग्रीकमध्ये थेट द्वितीया : ओम्नूमि तूस् थेऊस्, 'मी देवांची शपथ घेतो'. देव इथे व्याकरणाने कर्म आहे. वर ऋतंभर यांनी लिहिलेला 'धरणे' हा अर्थ घेतला तर ही द्वितीया सहज उलगडते, पण ती समजूत आहे. नियम म्हणून द्वितीया पक्की ठेवा.

गोंधळ होतो तो दोन द्वितीया एकत्र आल्यावर. होर्कोन् (कोणती शपथ) आणि देव (कोणाची) दोन्ही एकाच वाक्यात असू शकतात. शब्दक्रमावरून निर्णय होत नाही, अर्थावरूनच करायचा. तिसरी द्वितीया तुमन्ताचा कर्ता म्हणूनही येऊ शकते, पण तुमन्ताचा कर्ता आणि शपथ घेणारा एकच असेल तर ग्रीक त्याला द्वितीयेत घालत नाही. तो लपतो, आणि त्याची विशेषणं प्रथमेत राहतात. म्हणून प्रथमेतलं विशेषण दिसलं की वचन घेणाऱ्याने स्वतःबद्दल दिलं आहे हे कळतं.

याशिवाय काता + षष्ठी. बळीच्या तुकड्यांवर किंवा मुलाबाळांच्या नावाने शपथ घेतली तर ही रचना येते. काता म्हणजे 'वरून खाली'. ज्याच्यावर हात ठेवून किंवा ज्याच्यावर अरिष्ट ओढवून घेऊन शपथ घ्यायची ते षष्ठीत.

आणि धातूशिवायची शपथ. नेऽ + द्वितीया होकारासाठी, मा + द्वितीया बहुधा नकारासाठी. नेऽ दिआ 'झेउसशपथ, हो', मा दिआ 'झेउसशपथ, नाही'. मा स्वतः नकारार्थी नाही. आधी नाइ 'होय' आलं तर नाइ मा होकारार्थी होतं, ऊ मा नकारार्थी. अखिलेसचं 'नाइ मा तोदे स्केऽप्त्रोन्', 'होय, या राजदंडाची शपथ', हे होकारार्थी. त्यात 'नाही' वाचलं तर वाक्य उलटं होतं. प्लेटोच्या संवादांत सोक्रातेस 'नेऽ तोन् कुना', 'कुत्र्याची शपथ', म्हणतो तीही हीच द्वितीया.

विकरण

आता तुमन्त. माझ्या मते सगळ्या विषयाचा कणा हा आहे.

शपथ दोन प्रकारची. एक पुढचं वचन : मी असं करीन. दुसरी घडलेल्याची किंवा असलेल्याची ग्वाही : मी असं केलं नाही. मराठीत क्रियापद बदलतं, म्हणून प्रश्नच येत नाही. ग्रीकमध्ये दोन्हीकडे तुमन्त, आणि फरक फक्त त्याच्या काळात. भविष्य तुमन्त म्हणजे वचन. अओरिस्ट, परफेक्ट, वर्तमान म्हणजे ग्वाही.

वचन, इलियड १.७६-७७ : 'ओमोस्सोन् एऽ मेन् … आरेऽक्सेइन्', मला मदत करशील अशी शपथ घे. आरेऽक्सेइन् भविष्य तुमन्त.

ग्वाही, इलियड २३.५८४-५८५ : 'ओम्नुथि मेऽ मेन् हेकोऽन् … पेदेऽसाइ', माझ्या रथाची तू जाणूनबुजून कपटाने अडवणूक केली नाहीस अशी शपथ घे. पेदेऽसाइ अओरिस्ट, शर्यत होऊन गेलेली आहे. हेकोऽन् 'जाणूनबुजून' प्रथमेत, शब्दपारखी यांनी सांगितलेलाच नियम.

हा काळ न पाहता 'अडवणूक करणार नाहीस' असं भाषांतर केलं की मेनेलाओसची सगळी तक्रारच नाहीशी होते.

नकार मेऽ चा, ऊ चा नव्हे. 'म्हणतो' या अर्थाच्या धातूंपुढे तुमन्ताला ऊ लागतो, शपथ, आशा, वचन यांच्यापुढे मेऽ. दोन्ही उदाहरणांत 'एऽ मेन्' किंवा 'मेऽ मेन्' दिसतंय ते शपथेचं खास अव्यय. अ‍ॅटिकमध्ये ते एऽ मेऽन् होतं. हे आलं की पुढे शपथेचा मजकूर सुरू झाला असं समजावं. कित्येकदा ओम्नूमि दोन ओळी मागे राहिलेलं असतं आणि एऽ मेऽन् हीच एकमेव खूण उरते.

गद्यातलं स्वच्छ उदाहरण क्सेनोफोनच्या 'अनाबासिस' २.२.८ मध्ये. ग्रीक सैनिक आणि पर्शियन सरदार आरिआइओस यांनी 'ओऽमोसान् … मेऽते प्रोदोऽसेइन् … सुम्माखोइ ते एसेस्थाइ' अशी शपथ घेतली, एकमेकांचा घात करणार नाही आणि मित्र म्हणून राहू. दोन्ही तुमन्त भविष्य, नकार मेऽते. (सुम्माखोइ 'मित्र' प्रथमेत, वरच्या नियमाप्रमाणेच.) लगेच पुढच्या परिच्छेदात ढालीवर बळी देऊन रक्तात ग्रीकांनी तलवार आणि इतरांनी भाला बुडवल्याचं वर्णन आहे.

खडूफळा

मग अथेन्सच्या तरुणांची शपथ 'ऊक् आइस्खुनोऽ', 'मी पवित्र शस्त्रांना काळिमा लावणार नाही', अशी का सुरू होते? तिथे ऊ आहे, मेऽ नाही.

विकरण

कारण तिथे ओम्नूमि नाही. अखार्नाइ इथे सापडलेल्या इ.स.पू. चौथ्या शतकाच्या शिलालेखात आहे तो शपथेचा प्रत्यक्ष उच्चार, घेणाऱ्याच्या तोंडचा. प्रत्यक्ष उच्चारात साधा भविष्यकाळ आणि ऊ. अप्रत्यक्षात, म्हणजे ओम्नूमिच्या पोटात, भविष्य तुमन्त आणि मेऽ. एकच मजकूर दोन वेषांत.

दोन्ही वेष एका ठिकाणी पाहायचे असतील तर हिप्पोक्रातेसची शपथ घ्या. पहिलं वाक्य 'ओम्नूमि आपोल्लोऽना इएऽत्रोन्', वैद्य अपोलोची शपथ घेतो. पुढे अस्क्लेपिओस, हिगिएइआ, पानाकेइआ आणि सर्व देवदेवी, सगळे द्वितीयेत. मग 'पोइएऽसेइन्' हा भविष्य तुमन्त, गुरूला आईबापांसारखं मानीन हेही तुमन्तातच. थोडं पुढे गेल्यावर तुमन्त सुटतो आणि 'ख्रेऽसोमाइ', 'ऊ दोऽसोऽ' ('देणार नाही') अशी सरळ प्रथमपुरुषी भविष्यं सुरू होतात. नकारही लगेच ऊ होतो. भाषांतरकाराने इथे नवीन वाक्य सुरू करावं. पहिल्या 'शपथ घेतो की' ला सगळं लोंबकळत ठेवलं तर मराठी वाक्य मोडतं.

ऋतंभर

हिप्पोक्रातेसचा विषय निघालाच आहे तर चरकाबद्दलही सांगतो. हल्ली दोन्हींना सरसकट 'वैद्याची शपथ' म्हणून शेजारी ठेवतात. व्याकरणाने त्या वेगळ्या आहेत. चरकसंहिता विमानस्थान ८.१३ मध्ये गुरू अग्नी, ब्राह्मण आणि वैद्य यांच्या समक्ष शिष्याला उपदेश करतो ('अनुशिष्यात्'), आणि मजकूर 'सत्यवादिना … भवितव्यम्' असा कृत्य प्रत्ययाचा आहे. कर्ता तृतीयेत, बोलणारा गुरू. ग्रीकमध्ये बोलणारा स्वतः शपथ घेणारा, देव साक्षी, आणि शेवटी पाळली तर कीर्ती, मोडली तर उलट, असा स्वतःवरचा शाप. तो शाप चरकाच्या रचनेत नाही.

न्यायमंडप

शापाचा उल्लेख आला ते बरं झालं, कारण अथेन्सच्या कायद्यात त्याच्यावाचून शपथ पुरी होत नाही. नेहमीचा साचा चतुर्थीतल्या धातुसाधितांचा : एउओर्कून्ति 'शपथ पाळणाऱ्याला' चांगलं होवो, एपिओर्कून्ति 'मोडणाऱ्याला' त्याच्या उलट. क्रियापद इच्छार्थी (एइएऽ 'होवो') किंवा तुमन्त. ही चतुर्थी 'कोणापाशी'ची नाही, फळ ज्याला मिळायचं त्याची आहे.

उपसर्गांनी न्यायालयात अर्थ पार बदलतात, ते पाठच करावे लागतात :

दिओऽमोसिआ : खुनाच्या खटल्यात दोन्ही पक्षांची शपथ. देमोस्थेनेसच्या २३व्या भाषणात (६७-६८) फिर्यादीने रानडुक्कर, मेंढा आणि बैल यांच्या कापलेल्या तुकड्यांवर उभं राहून स्वतःवर, कुळावर आणि घरावर सर्वनाश ओढवून घेत शपथ घ्यायची, असं वर्णन आहे.

आन्तोऽमोसिआ : खटल्याच्या प्राथमिक सुनावणीत आपापली बाजू शपथेवर मांडणं.

एक्सोऽमोसिआ : 'शपथेने बाहेर पडणं'. साक्षीदाराने आपल्याला माहीत नाही असं शपथेवर सांगून सुटणं, किंवा नेमलेल्या दूताने आजारपण वगैरे कारणाने शपथेवर काम नाकारणं. याचं भाषांतर 'खोटी शपथ' असं केलेलं दिसतं, ते साफ चूक.

हुपोऽमोसिआ : सुनावणी पुढे ढकलण्यासाठी शपथेवरचा अर्ज.

आपोम्नूमि म्हणजे शपथेवर नाकारणं. सुनोम्नूमि म्हणजे एकत्र शपथ घेणं, आणि त्यातून सुनोऽमोसिआ 'कट'. इ.स.पू. ४१५ मध्ये हेर्मेसच्या मूर्ती फोडल्या गेल्या तेव्हा हे लोकशाही उलथवण्याच्या कटातूनच झालं असं लोकांना वाटलं. थुकिदिदेस (६.२७) तिथे हाच शब्द वापरतो, त्याच्या वर्णरचनेत क्सुनोऽमोसिआ. पुढे ८.५४ मध्ये खटले आणि सत्तापदं यांसाठी एकमेकांना मदत करणाऱ्या जुन्या मंडळ्यांनाही तो तेच म्हणतो. तिथे 'कट' लिहिलं तर अर्थ जास्त जातो, 'शपथबद्ध मंडळी' बरं.

एपोम्नूमि होमरमध्ये फोडून येतं. 'एपि मेगान् होर्कोन् ओमूमाइ' यातला एपि 'वर' या अर्थाचं शब्दयोगी अव्यय नाही, क्रियापदाचा उपसर्ग आहे. वैदिक भाषेत उपसर्ग क्रियापदापासून दूर असतो तसंच.

शब्दपारखी

एपिओर्कोस् वर थोडं सांगाल का? 'एपि' आणि 'होर्कोस्' मिळून 'खोटी शपथ' कशी?

न्यायमंडप

व्युत्पत्तीचा वाद मिटलेला नाही, पण वापराचा एक पक्का पुरावा आहे. लिसिआसच्या १०व्या भाषणात (१७) अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याचा जुना कायदा उद्धृत केला आहे. त्यात 'एपिओर्केऽसान्ता' शब्द आहे आणि वक्ता पंचांना समजावतो की याचा अर्थ 'ओमोसान्ता', नुसती शपथ घेऊन. म्हणजे सोलोनच्या काळी, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आरंभी, हे क्रियापद साध्या शपथेसाठी चालत होतं आणि दोनशे वर्षांनी अथेन्सच्या पंचांना ते उलगडून सांगावं लागत होतं. इलियड ३.२७९ मध्ये मात्र 'एपिओर्कोन् ओमोस्सेऽ' म्हणजे खोटी शपथच.

दुसरी अडचण : खोटी म्हणजे घेतानाच खोटी, की पुढे मोडलेली? ग्रीक शब्द दोन्हींना चालतो. क्रिसिप्पोस या स्तोइक तत्त्वज्ञाने हा भेद शब्दांनीच वेगळा केला. आलेऽथोर्केइन् आणि प्सेउदोर्केइन् म्हणजे घेताना खरी किंवा खोटी, एउओर्केइन् आणि एपिओर्केइन् म्हणजे वेळ आल्यावर पाळलेली किंवा मोडलेली. वर विकरण यांनी वचन आणि ग्वाही असे जे दोन प्रकार सांगितले त्यांच्याशी हे जुळतं. ग्वाही त्याच क्षणी खरी-खोटी ठरते, वचनाला मुदत लागते. मराठीत करताना संदर्भ पाहून 'खोटी शपथ' आणि 'शपथभंग' असे दोन शब्द वापरावेत.

मोडणाऱ्या देवांनाही सूट नाही. हेसिओदच्या 'थेओगोनी'त स्तिक्सच्या पाण्याची शपथ मोडणारा देव एक वर्ष निश्वास हरपून पडतो आणि पुढची नऊ वर्षं देवांच्या सभेला आणि पंगतीला मुकतो.

अनवट वाट

नवा करार वाचणाऱ्यांसाठी. तिथे वर्तमानाची रूपं डळमळू लागली आहेत. पेत्राने शपथ घेऊन नाकारण्याच्या त्याच प्रसंगात मार्क १४.७१ जुनं तुमन्त ओम्नुनाइ ठेवतो, मत्तय २६.७४ नवं ओम्नुएइन्. –नूमि धातू साध्या –ओऽ धातूंत मिसळत चालले त्याची ही खूण.

देवाची द्वितीया जाऊन एन + चतुर्थी आली : मत्तय ५.३४ पासून 'स्वर्गाची, पृथ्वीची' शपथ घेऊ नका, हे सगळं एन ने. हिब्रूतल्या 'ब' या अव्ययाचा हा ठसा. यरुशलेमसाठी त्याच वाक्यात एइस् + द्वितीया आहे. इब्री ६.१३ मध्ये जुनी काता + षष्ठी दिसते : त्याने स्वतःचीच शपथ घेतली.

सर्वांत धोक्याची जागा इब्री ३.११. 'ओऽमोसा एन तेऽइ ओर्गेऽइ मू · एइ एइसेलेउसोन्ताइ…' इथे दोन सापळे. एन आहे म्हणून 'माझ्या क्रोधाची शपथ' असं वाचायचं नाही, 'क्रोधाच्या भरात शपथ घेतली' असं आहे. आणि एइ म्हणजे 'जर', तरी वाक्य 'जर ते आत जातील' असं अर्धवट नाही. हिब्रू शपथेत 'जर असं झालं तर…' म्हणून शाप अध्याहृत ठेवतात, म्हणजे अर्थ ठाम नकाराचा : ते आत जाणार नाहीतच. हे स्तोत्रसंहितेच्या ग्रीक भाषांतरातून आलेलं आहे. अ‍ॅटिकच्या नियमांनी ते सुटत नाही.

खडूफळा

शेवटचा प्रश्न. थुकिदिदेस ५.४७, इ.स.पू. ४२०चा अथेन्स, आर्गोस, मान्तिनेइआ आणि एलिस यांचा तह. 'ओम्नुन्तोऽन् दे तोन् एपिखोऽरिओन् होर्कोन् हेकास्तोइ.' ओम्नुन्तोऽन् मी 'शपथ घेणाऱ्यांचा' असं षष्ठी अनेकवचनी धातुसाधित धरलं, तर मुख्य क्रियापदच सापडत नाही.

विकरण

ते आज्ञार्थाचं तृतीय पुरुष अनेकवचन आहे : 'त्यांनी शपथ घ्यावी'. दोन्ही रूपं अक्षर न् अक्षर सारखी, आघातही सारखाच. ठरवायचं वाक्यावरून. हेकास्तोइ 'प्रत्येक पक्षाने' प्रथमेत आहे, त्याला क्रियापद हवं. तहाच्या कलमांत आज्ञार्थ अपेक्षितच असतो. पुढे लगेच 'शपथ अशी असावी' येऊन प्रत्यक्ष उच्चार सुरू होतो : 'एम्मेनोऽ', 'कराराला धरून राहीन', आणि 'ऊ पाराबेऽसोमाइ', 'उल्लंघणार नाही'. भविष्यकाळ, नकार ऊ.

अशाच आणखी दोन जोड्या लक्षात ठेवा, या मात्र आघाताने सुटतात. ओम्नूस् : आघात पहिल्या अक्षरावर असेल तर 'तू शपथ घेतोस', शेवटच्यावर असेल तर 'शपथ घेणारा'. ओमोसाइ : आघात मधल्या अक्षरावर असेल तर परस्मैपदी तुमन्त (किंवा इच्छार्थी तृतीय पुरुष एकवचन), पहिल्यावर असेल तर आत्मनेपदी आज्ञार्थ. आणि आरंभी ह–कार आहे की नाही तेही पाहा. होमू 'एकत्र', होमोइओस् 'सारखा' यांचा या धातूशी संबंध नाही. ह–कार नसूनही वेगळे असलेले दोन शब्द म्हणजे ओऽमोस् 'खांदा' आणि ओऽमोस् 'कच्चा'. अओरिस्टच्या रूपांजवळ ते कोशात येतात, आणि त्या दोघांतला फरकही फक्त आघाताचाच आहे.